लाइट आली की सर्व्हर आडवा होतो: डायनॅमिक डीएनएसवाल्यांनो, जरा इकडे बघा

घणसोलीकर | मंगळवार, रात्री ११.४०

मंडळी, इथे नेटवर्कातली बरीच डोकी आहेत म्हणून हा धागा. थोडा लांबेल, चहा घेऊन बसा.

माझा धंदा सीसीटीव्हीचा. ऐरोलीपासून खारघरपर्यंतच्या सोसायट्या, तुर्भ्याच्या मार्केटातले काही गाळे, पलीकडे कळवा आणि वागळे इस्टेटमधली थोडी दुकानं. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, बसवून दिला की गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, "मोबाइलवर दिसणार ना?" आता घरगुती ब्रॉडबँडचा आयपी पत्ता काही कायमचा नसतो. राउटर बंद-चालू झाला की बदलला. म्हणून प्रत्येक डीव्हीआरला एक नाव दिलंय. नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस; पत्ता बदलेल तशी नोंद ताजी ठेवायची, हा डायनॅमिक डीएनएस. पत्ता बदलला की डीव्हीआर आमच्या सर्व्हरला एचटीटीपीवरून कळवतो, सर्व्हर पासवर्ड तपासतो, डेटाबेसात नोंद करतो आणि एनएसअपडेट हा छोटा प्रोग्राम चालवून बाइंड या डीएनएस सर्व्हरमधलं रेकॉर्ड, म्हणजे नावापुढचा पत्ता, बदलतो. टीटीएल, म्हणजे विचारणाऱ्याने उत्तर किती वेळ जपून ठेवायचं ते, ६० सेकंद. मुख्य सर्व्हर महाप्याला भाड्याच्या रॅकमध्ये, दुय्यम, म्हणजे त्याची नक्कल ठेवणारा, दुसरीकडे. सगळं मीच पायथनमध्ये लिहिलंय, रात्री जागून. सुरुवात ४० डीव्हीआरनी केली होती, आज साधारण ६ हजार आहेत.

एरवी लोणी. मिनिटाला पाच-दहा अपडेट येतात, मशीन माश्या मारत बसलेलं असतं.

गेल्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला. सव्वाआठला लाइट गेली ती घणसोली, कोपरखैरणे, वाशी, सानपाडा, सगळीकडे एकदम. नऊला आली, तीही सगळीकडे एकदम. म्हणजे चारेक हजार राउटर एकाच मिनिटात उठले, नवे पत्ते घेतले आणि चारेक हजार डीव्हीआर माझ्या दाराशी येऊन उभे. सीपीयू १०० टक्के, लॉगमध्ये टाइमआउटचा पाऊस. मी दोनदा सर्व्हर रीस्टार्ट केला, दोन्ही वेळा आणखी बिघडलं. रात्री अडीचला आपोआप निवळलं. तोवर एका सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचे अकरा मिस्ड कॉल. त्यांना वॉचमन जागा आहे का ते बघायचं होतं. मी जागा आहे एवढं त्यांना नक्की कळलं.

माझा संशय बाइंडवर आहे. एकाच झोनमध्ये (एका डोमेनच्या नावांच्या यादीत) एवढे बदल झाले की आतलं झाड (नावं शोधायची रचना) आणि लॉक (एका वेळी एकालाच लिहू देणारं कुलूप) गुदमरत असणार. स्वतःचा डीएनएस सर्व्हर लिहावा असं डोक्यात आहे. कुणी केलंय का? कुठे ठेचा लागतात?

---

पॅकेटपाटील | मंगळवार, रात्री ११.५८

भाऊ, लिहाच! मजा येईल.

मुख्य दुखणं वाचक आणि लेखक एकत्र नांदवण्याचं. डीएनएसमध्ये वाचणारे हजारो, लिहिणारा एखादा. साधा रीड-राइट लॉक टाकलात तर दिसायला बरं दिसतं, पण प्रोसेसरच्या आठ कोरांवर प्रत्येक वाचक त्या लॉकचा आकडा वर-खाली करतो आणि तो आकडा धरणारी मेमरीची एकच पट्टी, म्हणजे कॅशे लाइन, कोरांमध्ये चेंडूसारखी उडत राहते. वाचक एकमेकांना अडवत नाहीत असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात अडवतात.

म्हणून शहाणे लोक आरसीयू (रीड-कॉपी-अपडेट) ही पद्धत वापरतात. वाचकाने लॉक घ्यायचाच नाही. लेखकाने बाजूला नवी प्रत करायची, तयार झाली की पॉइंटर, म्हणजे चालू प्रतीकडे बोट दाखवणारा बाण, बदलायचा, आणि जुनी प्रत शेवटचा वाचक बाहेर पडल्यावर मोडीत. नॉट डीएनएस हा दुसरा सर्व्हर याच वाटेने जातो, आत क्यूपी-ट्राय या जातीचं झाड आहे. बाइंडनेही ९.२० मध्ये जुनं लाल-काळं झाड काढून क्यूपी-ट्राय आणलं. तुमचं बाइंड कितवं?

शिवाय एसओ-रीयूजपोर्ट ही सोय लावा, लिनक्स ३.९ पासून आहे. प्रत्येक कोराला पोर्ट ५३ चं, म्हणजे डीएनएसच्या दाराचं, आपलं स्वतंत्र सॉकेट मिळतं, एका रांगेवर झुंबड होत नाही.

---

सर्किटबाई | बुधवार, सकाळी ७.१५

ट्रान्सहार्बर लोकलमध्ये उभी राहून लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

पाटील, तुमचं सगळं बरोबर आहे, पण ते वाचनाबद्दल. घणसोलीकरांचं वाचन किती आहे ते आधी मोजू. ६ हजार नावं, टीटीएल ६०. सगळी नावं सगळा वेळ कुणीतरी विचारतंय असं धरलं तरी एका रिझॉल्व्हरच्या, म्हणजे लोकांच्या वतीने विचारणाऱ्या सर्व्हरच्या, कॅशेकडून (जपून ठेवलेल्या उत्तरांच्या साठ्याकडून) सेकंदाला जास्तीत जास्त १०० प्रश्न. मोठ्या सार्वजनिक रिझॉल्व्हरांची कॅशे एकसंध नसते, म्हणून दहापट धरा. हजार झाले. एवढं बाइंड झोपेत उत्तरतं. आणि खरं तर सेक्रेटरी काका दिवसातून चारदा बघतात. अशा नावांचं टीटीएल ६० ठेवा की ३००, सर्व्हरला फरक पडत नाही, कारण कॅशेत कुणी सापडतच नाही.

तेव्हा ट्राय, आरसीयू हे या घडीला सोडा. बिघडतंय ते लिहिताना. आणि एक अपडेट म्हणजे एक लिहिणं नव्हे. मोजा बघू: कनेक्शन, पासवर्ड, डेटाबेसची नोंद आणि तिचा एफसिंक (डिस्कवर पक्कं करणं), एनएसअपडेटची नवी प्रोसेस, टीसिगची सही (निरोप खरा असल्याची खूण), बाइंडच्या जर्नलचा (बदलांच्या वहीचा) एफसिंक, सिरियल (झोनच्या आवृत्तीचा आकडा) एकने वर, दुय्यमला नोटिफाय (बदल झाल्याची हाक), त्याने एसओए (सिरियल असलेलं झोनचं मुख्य रेकॉर्ड) विचारणं, मग आयएक्सएफआर (फक्त फरक नेणं). एका ओळीच्या बदलामागे एवढी वरात आहे.

त्या रात्रीचं पर्फ किंवा आयओस्टॅटचं (सीपीयू आणि डिस्क कशात गुंतली ते मोजणारी साधनं) काही आहे का? नसेल तर गाडी तीच, वाट तीच: लॉगमधून ती चार हजारांची लाट पुन्हा सोडा आणि बघा. अंदाजाने सर्व्हर लिहायला घेऊ नका.

---

जुनाखोंड | बुधवार, दुपारी १.२०

बाईंशी सहमत. थोडा जुना पाल्हाळ लावतो, ठाण्यात बसून जेवणाच्या सुट्टीत दुसरं करायचं काय.

१९८७ साली डीएनएसचे नियम सांगणारे दस्तऐवज, आरएफसी १०३४ आणि १०३५, आले, तेव्हा झोन म्हणजे एक फाइल. कुणीतरी ती हाताने बदलायची, सिरियल वाढवायचा, सर्व्हरला पुन्हा वाचायला सांगायचं. दुय्यम सर्व्हर एसओएतल्या रिफ्रेशच्या वेळेला येऊन विचारणार, "बदललं का काही?" आणि बदललं असेल तर सगळा झोन उचलून नेणार. पत्ते वर्षानुवर्षं बदलत नसत, म्हणून हे चाललं. पुढे डागडुजी झाली. १९९६ मध्ये नोटिफाय आणि आयएक्सएफआर, म्हणजे हाक मारणं आणि फक्त फरक पाठवणं. १९९७ मध्ये आरएफसी २१३६, म्हणजे चालू झोनमध्ये बदल. सांगायचा मुद्दा, क्वचित बदलणाऱ्या गोष्टीसाठी बांधलेल्या वाड्याला आपण मागाहून लिफ्ट बसवली आहे. ती चालते, पण एका वेळी माणसं मोजूनच घ्यावी लागतात.

तेव्हा घणसोलीकर, तुम्ही चार हजार वेळा एनएसअपडेट बोलावता ते आधी बंद करा. २१३६ मध्ये एका निरोपात कितीतरी नावांचे बदल घालता येतात, झोन एक असला की झालं. दोनशे नावं एका निरोपात घातली तर चार हजारांचे वीस निरोप. सिरियल वीसदाच वाढला, जर्नलला वीसच एफसिंक. आयएक्सएफआरमध्येही प्रत्येक फरकाला जुना एसओए, नवा एसओए जोडून जातो, तेही वीसच.

नोटिफायची फार काळजी नको. बाइंड मुळातच नोटिफाय-डिले पाच सेकंद धरतं, मधले बदल एकाच हाकेत जातात. पण उलटं लक्षात ठेवा: तेवढे पाच सेकंद दुय्यम जुनाच पत्ता सांगत असतो, आणि तेवढ्यात कुणी विचारलं तर तो पुढे ६० सेकंद जुनाच घेऊन बसतो.

अवांतर: तुमचा सिरियल तारखेचा आहे का? आमच्याकडे होता. वर्ष-महिना-दिवस आणि पुढे दोन आकडे. दिवसाला शंभर बदल झाले की सिरियल उद्याच्या तारखेत शिरतो. एका सोमवारी आमचा सिरियल गुरुवारात पोचला होता आणि नव्या पोराने "चूक दुरुस्त" म्हणून तो मागे आणला. दुय्यम सर्व्हर ढिम्म. त्याच्या लेखी मागचा आकडा म्हणजे जुनाच झोन. तेव्हापासून मी साधा एक-एक वाढवतो.

---

तुर्भेकर | बुधवार, रात्री ९.०५

मी नेटवर्कातला नाही, मसाला मार्केटातला. पण घरच्या राउटरमध्ये बघितलं तर पत्ता १००.७२ ने सुरू होतो. गुगलला "माझा आयपी" विचारला तर वेगळाच येतो. तर ही डीएनएसची भानगड मला लागू होते का?

---

पॅकेटपाटील | बुधवार, रात्री ९.३०

नाही हो, तुम्ही सीजीनॅटमागे आहात. १००.६४.०.०/१० हा पट्टा, म्हणजे १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत, २०१२ साली आरएफसी ६५९८ ने खास सेवा पुरवठादारांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवला. बाहेरून दिसणारा पत्ता तुमच्यासारख्या अनेकांचा सामाईक. नाव कितीही ताजं ठेवलं तरी बाहेरून येणारा माणूस गेटपाशीच अडतो, तुमच्या फ्लॅटपर्यंत पोचत नाही. एक तर पुरवठादाराकडून स्थिर पत्ता विकत घ्या, नाहीतर आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) असेल तर ते बघा.

घणसोलीकर, यावरून सुचलं. डीव्हीआरने सांगितलेला राउटरचा पत्ता आणि सर्व्हरला दिसलेला पत्ता जुळत नसेल तर नोंद करूच नका. फुकटचं लिहिणं वाचेल.

---

घणसोलीकर | रविवार, संध्याकाळी ६.१०

मंडळी, तोंड लपवायला जागा द्या.

काल रात्री बाईंनी सांगितलं तसं केलं. त्या दिवसाच्या लॉगमधून चार हजार विनंत्या काढल्या, घरच्या मशीनवर तोच सगळा संसार मांडला आणि लाट सोडली. शेजारी पर्फ टॉप उघडून बसलो. बाइंड वर येईल म्हणून डोळे लावले होते. बाइंड यादीत पार खाली, दोन टक्क्यांच्याही आत. एफसिंकही नाही. सगळ्यात वर, जवळजवळ सगळा सीपीयू खात: बीक्रिप्ट.

पासवर्ड तपासणी! सुरुवातीला एका मित्राने सांगितलं होतं, पासवर्ड साधे ठेवू नको, बीक्रिप्ट लाव आणि कॉस्ट १२ ठेव. ठेवली आणि विसरलो. कॉस्ट १२ म्हणजे ४०९६ फेऱ्या, एक वाढवली की दुप्पट. मुद्दामच संथ बनवलेली गोष्ट आहे ती, चोराला लाखो पासवर्ड घासून बघता येऊ नयेत म्हणून. माझ्या मशीनवर एका तपासणीला पाव सेकंद. कोर दोन. म्हणजे सेकंदाला आठ. मिनिटाला पाच-दहा अपडेट येत होते तोवर कुणाच्या लक्षात येणार?

आणि त्या रात्री चार हजार डीव्हीआर, उत्तर नाही आलं की दर ३० सेकंदांनी पुन्हा. म्हणजे येणारे सेकंदाला १३० च्या वर, जाणारे आठ. डीव्हीआर दहा सेकंद थांबून फोन ठेवतो. माझा सर्व्हर मात्र इमानेइतबारे रांगेतला सगळ्यात जुना कागद उचलतो, पाव सेकंद घासतो, "ठीक आहे" लिहितो आणि द्यायला जातो तर समोर कुणी नाही. तो आधीच पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा. रात्रभर मशीन राबलं आणि हाती जवळपास काही नाही.

बाइंडला शिव्या दिल्या त्या परत घेतो.

---

जुनाखोंड | रविवार, संध्याकाळी ७.००

हा हा. स्टेशनवरची तिकीट खिडकी. नंबर येईपर्यंत गाडी गेलेली, म्हणून माणूस पुढच्या गाडीसाठी पुन्हा शेवटी.

अशा वेळी रांग आखूड ठेवायची. पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ पडून असलेली विनंती न उघडता फेकून द्यायची, कारण तिचा मालक निघालेलाच आहे. नाहीतर उलट्या टोकाने घ्या, नवा आधी. अन्याय वाटतो, पण काही जणांना तरी उत्तर मिळतं. आणि ज्याला मिळालं तो पुन्हा येत नाही, ही त्यातली गोम.

---

सर्किटबाई | रविवार, रात्री ८.४५

घणसोलीकर, लाज कसली. मोजलंत हेच खूप, बरेच जण त्याआधीच नवा सर्व्हर लिहून मोकळे होतात.

आता उपाय. बीक्रिप्ट माणसाच्या पासवर्डसाठी आहे, कारण माणूस सोसायटीचं नाव आणि पुढे १२३ ठेवतो. मशीनला मशीनचं गुपित द्या. पूर्ण यादृच्छिक टोकन असेल तर त्याला संथ हॅशची (गुपिताचा उलट न फिरवता येणारा ठसा काढण्याची) गरज नाही, एसएचए-२५६ हा वेगवान हॅश पुरे. अंदाजाने ते सापडणारच नाही, मग चोराला हळू करण्यात हशील काय?

---

घणसोलीकर | रविवार, रात्री ९.१०

ताई, नव्या डीव्हीआरना जमेल. आमच्या जुन्यांच्या पासवर्डच्या खान्यात सोळाच अक्षरं मावतात. आणि तीन-चार हजार ठिकाणी शिडी घेऊन जाऊन बदलणं म्हणजे पुढचा गणपती येईल.

---

सर्किटबाई | रविवार, रात्री ९.२५

सोळा चालतील. चौसष्ट अक्षरांच्या संचातून निवडली तर ९६ बिट होतात, भरपूर झालं.

जुन्यांसाठी असं करा. सर्व्हर सुरू होताना एक यादृच्छिक किल्ली फक्त मेमरीत बनवा. डीव्हीआर पहिल्यांदा आला की बीक्रिप्टने तपासा. बरोबर निघाला की त्या पासवर्डचा त्या किल्लीने एचमॅक (किल्लीशिवाय न बनणारा ठसा) काढून मेमरीत ठेवा. पुढच्या वेळी आधी एचमॅक जुळवा, तो मायक्रोसेकंदांचा खेळ आहे. डिस्कवर काही वेगळं लिहायचं नाही, डेटाबेस चोरीला गेला तरी तिथे बीक्रिप्टच. मात्र एक पथ्य: गर्दीत रीस्टार्ट करू नका. मेमरी कोरी झाली की सगळे पुन्हा पाव-पाव सेकंद.

आणि चुकीच्या पासवर्डचाही निकाल थोडा वेळ लक्षात ठेवा. कुणीतरी कधीतरी पासवर्ड बदलतो आणि डीव्हीआरमध्ये बदलायला विसरतो. तो डीव्हीआर जन्मभर दर ३० सेकंदांनी दार वाजवतो आणि प्रत्येक वेळी तुमचा पाव सेकंद खातो. असे आठ वेगवेगळ्या क्षणी आले तरी सेकंदभराचं बळ गेलं.

---

पॅकेटपाटील | रविवार, रात्री १०.००

मग पुढचा अडथळा एफसिंक येणार, पैज. फिरती डिस्क असेल तर ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, एका फेऱ्यात एकच पक्की नोंद म्हणा. मी तर म्हणतो एफसिंक काढूनच टाका! हा काही बँकेचा हिशोब नाही. वीज जाऊन दोन सेकंदांची नोंद हरवली तर डीव्हीआर पुन्हा सांगेलच की.

---

जुनाखोंड | रविवार, रात्री १०.३०

पाटीलबुवा, इथे घसरलात. डीव्हीआर पुन्हा सांगेल कधी? पत्ता पुन्हा बदलेल तेव्हा. एकदा "ठीक" ऐकलं की तो महिनाभर गप्प बसतो, कारण नको तितक्या वेळा सांगितलं की सर्व्हर हाकलतो हे त्याला शिकवलेलं असतं. ज्याला आपण "घेतलं" म्हणून सांगितलं आणि मग विसरलो, त्याचा कॅमेरा पुढची लाइट जाईपर्यंत अंधारात.

एफसिंक ठेवा, पण शेअर रिक्षासारखा. एकेका प्रवाशासाठी फेरी मारू नका. दोनशे मिलिसेकंदांत जेवढे जमतील तेवढे घ्या, एकदाच डिस्कवर पक्कं करा, मग सगळ्यांना एकदम "ठीक" म्हणा. डीव्हीआरला पाव सेकंद उशिराने काही होत नाही. तोच गठ्ठा पुढे बाइंडला एका निरोपात. आणि पत्ता तोच असेल तर काहीच लिहू नका, नुसतं "बदल नाही" म्हणून वाटेला लावा. डिस्क सगळ्यात वेगवान तेव्हा, जेव्हा तिच्याकडे जावंच लागत नाही.

---

पॅकेटपाटील | रविवार, रात्री १०.४१

मान्य, काका. महिनाभर गप्प बसण्याचा मुद्दा डोक्यात आला नव्हता.

तरी कधी बाइंड सोडलंत तर या आकाराला झाड-बीड लागतही नाही. ६ हजार नावं, नावामागे २०० बाइट धरा, सव्वा एमबीच्या आत. दर गठ्ठ्याला अख्खी प्रत नवी करून पॉइंटर बदला, काही मिलिसेकंदांचं काम. ६० लाख नावं झाली की मग फक्त बदललेल्या फांद्यांची प्रत करणारं झाड. (नवा सर्व्हर लिहायची हौस कुणाची भागतेय ते कळलं असेलच.)

---

नेरूळची_मीना | सोमवार, सकाळी ११.५०

मी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे, तांत्रिक काही कळत नाही, पण धागा सगळा वाचला! आमच्याकडे (दुसऱ्या कुणाची तरी सेवा आहे) गंमत होते. लाइट येऊन तासभर झाला तरी माझ्या फोनवर कॅमेरा उघडत नाही, "सर्व्हर सापडत नाही" म्हणतो. खालच्या जोशी आजोबांच्या फोनवर मात्र लगेच दिसतो. बसवणारा मुलगा म्हणतो, मॅडम, फोन बदला.

---

सर्किटबाई | सोमवार, दुपारी १.०५

मीनाताई, फोन बदलू नका. ही नकाराची कॅशे.

लाइट गेली तेव्हा त्या सेवेने "हा डीव्हीआर गायब" म्हणून तुमचं नावच पुसून टाकलं असणार. तुम्ही अंधारात फोन उघडून बघितलात, उत्तर मिळालं "असं नाव अस्तित्वातच नाही". तुमच्या मोबाइल कंपनीच्या रिझॉल्व्हरने ते "नाही" सुद्धा जपून ठेवलं. किती वेळ, ते झोनच्या एसओएतला शेवटचा आकडा ठरवतो, १९९८ च्या आरएफसी २३०८ पासून. रेकॉर्डचं टीटीएल ६० असलं तरी तिथे कुणी जुन्या सवयीने ८६४०० लिहून ठेवलं असेल तर नकार दिवसभर टिकू शकतो. बाइंडसारखे रिझॉल्व्हर स्वतःहून तीन तासांवर कापतात, तेवढीच दया. जोशी आजोबांच्या फोनचा रिझॉल्व्हर वेगळा असणार आणि त्याला अंधारात कुणी हे नाव विचारलं नाही, म्हणून त्यांना लगेच दिसतं.

घणसोलीकर, तुमचा शेवटचा आकडा काय आहे?

---

घणसोलीकर | सोमवार, दुपारी १.३०

८६४००.

मीही सर्व्हरवरून डीव्हीआरला हाक मारून बघतो, पंधरा मिनिटं उत्तर आलं नाही की नाव पुसतो. ते एवढ्यासाठी की जुना पत्ता तसाच ठेवला आणि पुरवठादाराने तो दुसऱ्या कुणाला दिला, तर काकांचं ॲप अनोळखी माणसाच्या राउटरला डीव्हीआरचा पासवर्ड सांगत बसेल.

म्हणजे सेक्रेटरी काकांच्या अकरा मिस्ड कॉलांमधले निम्मे बीक्रिप्टचे आणि निम्मे या आकड्याचे. आजच ६० करतो.

---

जुनाखोंड | सोमवार, दुपारी १.४५

पुसणं बरोबरच आहे, आकडा चूक होता. नुसतं पत्त्याचं रेकॉर्ड काढून नावाखाली एखादं टीएक्सटी, म्हणजे मजकुराचं रेकॉर्ड, ठेवलं तरी सुटका नाही बरं का. "नाव आहे पण पत्ता नाही" हा नकारही त्याच आकड्याने टिकतो.

---

घणसोलीकर | तीन आठवड्यांनंतर, शुक्रवार, रात्री ११.१५

धागा वर काढतोय. आज पुन्हा गेली. साडेसातला, घणसोली ते सानपाडा, आणि आठ दहाला एकदम आली. मी महाप्याच्या मशीनवर लॉगिन करून आधीच बसलो होतो, बायको म्हणाली मॅच आहे का.

आठ दहा ते आठ बारापर्यंत साडेतीन हजारांच्या वर अपडेट आले. सीपीयू तीस टक्क्यांच्या वर गेला नाही. गठ्ठा दोनशे मिलिसेकंदांचा, एका गठ्ठ्यात जास्तीत जास्त दोनशे नावं. दुय्यम सर्व्हर दहा सेकंदांच्या आत बरोबरीला आला. एका रीस्टार्टचीही गरज पडली नाही.

एक ठेच लागलीच. आठ अकराला एक अख्खा गठ्ठा बाइंडने परत फेकला, "नॉटझोन". २१३६ चा निरोप सगळा तरी जातो नाहीतर काहीच जात नाही. एका डीव्हीआरमध्ये कुणीतरी नावाच्या शेवटी भलतंच डोमेन टाइप करून ठेवलं होतं. एकाच्या पापाने बाकी १९९ जण खोळंबले. आता नाव झोनमधलं आहे का ते गठ्ठ्यात घालण्याआधीच तपासतो, आणि तरीही गठ्ठा परत आला तर त्याचे दोन तुकडे करून पाठवतो, फुटेल तो पुन्हा दोन. यातलं काही मी घरच्या चाचणीत पकडलं नव्हतं, कारण चाचणीत सगळी नावं मीच शुद्ध करून घेतली होती.

बाइंडही नवीन घेतलं. जुनं ९.१८ चं सुरुवातीचं होतं, त्यात अपडेटचा पूर आला तर मेमरी संपण्याचा दोष होता, जानेवारी २०२३ मध्ये दुरुस्त झालेला. आता त्यात एका वेळी किती अपडेट हाताळायचे त्यावर अपडेट-कोटा म्हणून मर्यादा आहे, मुळात १००.

चुकीच्या पासवर्डवाल्यांची यादी पहिल्यांदाच नीट काढली. एकतीस डीव्हीआर आहेत. त्यातले बरेच गेल्या दिवाळीपासून दर ३० सेकंदांनी दार वाजवताहेत. मालकांना कॅमेरा मोबाइलवर दिसत नाही याचा पत्ताच नाही, किंवा दिसत नाही म्हणून सोडून दिलंय. उद्यापासून शिडी घेऊन एकेकाकडे. नऊ तर एकट्या तुर्भ्याच्या मार्केटात आहेत.

---

तुर्भेकर | शुक्रवार, रात्री ११.३२

मसाला मार्केटातला असेल तर एक माझाच. दिवाळीत नोकर बदलला तेव्हा पासवर्ड बदलला होता, डीव्हीआरमध्येही बदलायचा असतो हे कुणी सांगितलं नाही. घरच्या सीजीनॅटचं विचारत बसलो आणि गाळ्याचं राहूनच गेलं. सकाळी अकराच्या आत या, नंतर मिरचीच्या गाड्या लागतात, शिडी ठेवायला जागा मिळणार नाही.